कन्फ्यूशियसच्या नीतिविचारातील आज्ञापालन : एक पुनर्विचार
कन्फ्यूशियसची (इ.स.पू. ५५१–४७९) शिकवण म्हणजे निव्वळ आज्ञापालन, हा आक्षेप अर्धसत्य आहे. ‘लुन्यू’ या संवादसंग्रहानुसार ‘रेन’ म्हणजे मानवता नसेल, तर ‘ली’ म्हणजे विधी व शिष्टाचार निरर्थक ठरतात. आईवडील चुकत असल्यास त्यांना नम्रपणे समजवावे, असेही तेथे सांगितले आहे. मेन्शियसने तर जुलमी राजाचा वधही समर्थनीय मानला. तथापि, परंपरेने मानलेल्या पाच नात्यांपैकी मैत्री वगळता उर्वरित चारही विषम आहेत. आणि आईवडिलांनी न ऐकल्यास पुत्राने आदर सोडू नये, अशीच अपेक्षा आहे. हान राजवटीने या विचाराला राजमान्यता देताना त्यातील आज्ञाधारकतेवरच भर दिला, हे खरे. परंतु सारा दोष राज्यसत्तेचा नव्हे. मूळ विचारातच असहमती हे कर्तव्य आहे, हक्क नाही.