संमिश्र नॅनोपदार्थांचे वायुसंवेदक : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे वनसंपत्तीसाठी ओळखले जातात. त्याचबरोबर चंद्रपूर हे कोळसा खाणींचे आणि २,९२० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक वीज केंद्राचेही शहर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ सालच्या सर्वंकष निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले व त्याची गणना अतिप्रदूषित क्षेत्रांत झाली. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाचे कार्यक्षेत्र हेच दोन जिल्हे होत. म्हणून घातक वायू ओळखणारे संवेदक हा विषय येथील विज्ञान विभागांना जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या विषयावरील संशोधन कोणत्या कसोटीवर पारखावे, याचा विचार होणे आवश्यक आहे.

पार्श्वभूमी :

१९६२ साली जपानमध्ये सेयामा यांनी झिंक ऑक्साइडचा वायुसंवेदक मांडला. त्याच वर्षी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या संवेदकासाठी पेटंट अर्ज केला. या ऑक्साइडांच्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजन चिकटतो व इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे विद्युत रोध वाढतो. कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू त्या ऑक्सिजनशी संयोग पावला की इलेक्ट्रॉन परत मिळतात व रोध घटतो. या क्रियेसाठी साधारणतः २०० ते ४०० अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते. याउलट पॉलिअ‍ॅनिलिनसारखे वाहक बहुवारिक खोलीच्या तापमानावरच अमोनियाला प्रतिसाद देते, पण ते दीर्घकाळ स्थिर राहत नाही. दोहोंचे गुण एकत्र आणावेत, या विचारातून ऑक्साइड, बहुवारिक व कार्बन नॅनोनलिका यांचे संमिश्र पदार्थ पुढे आले. तापविण्याची गरज कमी झाली तर विजेची बचत होते. वनक्षेत्रातील गावांच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे.

चिकित्सा :

या क्षेत्रातील अनेक शोधनिबंधांची मांडणी एकसारखी आढळते. पदार्थाचे संश्लेषण, क्ष-किरण विवर्तन, सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रे आणि अखेरीस बंद कक्षात १०० पीपीएम अमोनियाला मिळालेला प्रतिसाद, असा तो क्रम असतो. क्रियेचे स्वरूप समजण्यासाठी अशा मापनाला निश्चित मूल्य आहे. मात्र त्यावरून पदार्थ ‘पर्यावरण निरीक्षणासाठी उपयुक्त’ ठरविला जातो, तेथे तर्क तुटतो.

२००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार अमोनियाची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ०.५७ पीपीएम आहे. प्रयोगातील मात्रा तिच्या सुमारे १७५ पट ठरते. नायट्रोजन डायऑक्साइड व सल्फर डायऑक्साइड यांची मर्यादा प्रत्येकी ८० मायक्रोग्रॅम, म्हणजे अनुक्रमे सुमारे ४२ व ३० पीपीबी आहे. मात्रा आणि प्रतिसाद यांचा संबंध बहुधा सरळ रेषेचा नसतो. त्यामुळे १०० पीपीएमवरील आकड्यावरून इतक्या अल्प मात्रेचे अनुमान काढता येत नाही.

वायूची निवड हा दुसरा मुद्दा होय. कोळसा जळतो तेथे सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे व कार्बन मोनॉक्साइड यांची मोजणी महत्त्वाची ठरते. अमोनिया निवडला जातो तो पुष्कळदा पॉलिअ‍ॅनिलिन त्याला सहज प्रतिसाद देते म्हणून. परिसराची ती मागणी असतेच असे नाही. खाणीतील मिथेनचा प्रश्न तर सर्वस्वी वेगळा. तो हवेत ५ ते १५ टक्के असताना स्फोटक बनतो, म्हणजे तेथे मोजणी टक्क्यांत करावी लागते. एकच संवेदक खाणीसाठी व शहराच्या हवेसाठीही योग्य असल्याचे विधान म्हणूनच सावधपणे करावयास हवे.

तिसरा मुद्दा हवामानाचा. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पावसाळ्यात हवा बाष्पाने भरते. पाण्याचे रेणू पृष्ठभागावरील तीच स्थाने व्यापतात आणि संवेदकाचे वाचन बदलते. कोरड्या हवेतील एका दिवसाचा आलेख या दोन ऋतूंविषयी काहीच सांगत नाही.

उपकरण वापराच्या जागेवरून घडवावे, याचे उदाहरण गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालकांतील न्यूमोनिया ओळखण्यासाठी वाळूचे घड्याळ व मणी यांचा श्वासमापक तयार केला. फारशी मोजणी न येणाऱ्या व्यक्तीलाही तो वापरता यावा, ही अट आरंभीच स्वीकारलेली होती. नॅनोपदार्थांच्या संशोधनात मात्र ही अट शेवटच्या परिच्छेदात, भविष्यातील शक्यता म्हणून येते.

निष्कर्ष :

संमिश्र नॅनोपदार्थांची क्षमता नाकारण्याचे कारण नाही. मूल्यमापनाची कसोटी बदलण्याचे आहे. मानक मर्यादेच्या आसपासची मात्रा, निरनिराळी आर्द्रता, काही महिन्यांचे स्थैर्य आणि शासकीय निरीक्षण केंद्राच्या नोंदींशी तुलना, या चार बाबी शोधनिबंधात व त्याच्या परीक्षणात अपेक्षित असाव्यात. त्यासाठी दरवेळी महागडी उपकरणे लागतात असेही नाही. उन्हाळा व पावसाळा दोन्ही टोकाचे असलेला हा परिसर येथील महाविद्यालयांच्या दाराशी आहे. येथे टिकलेल्या संवेदकाचा दावा अधिक विश्वसनीय ठरेल आणि ज्यांच्या श्वासाचा हा प्रश्न आहे, त्यांच्यापर्यंत त्या संशोधनाचा उपयोग पोहोचेल.