मामांची ठासणी

मंगळवेढ्याला मामांच्या घरी दोन गोष्टींना पोरांनी हात लावायचा नाही असा दंडक होता. एक मामींची लोणच्याची बरणी आणि दुसरी मामांची ठासणीची बंदूक. पैकी बरणीचा आग्रह अधिक कडक. असं का, हे कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

मंगळवेढं म्हणजे ज्वारीचं कोठार. तिथल्या ज्वारीला सरकारनं २०१६ साली भौगोलिक मानांकन दिलं. पाखरांनी आणि रानडुकरांनी ते कितीतरी आधी देऊन टाकलं होतं. पाखरांना गोफण आणि डुकरांना बंदूक, अशी मामांची वाटणी. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग गजानं ठासायचं आणि शेवटी बाजूचा घोडा उचलून त्याखाली टोपी बसवायची. एवढं होईतो डुकरं जेवूनखाऊन शेजारच्या रानात पानसुपारीला गेलेली असत. छर्रे मामा घालतच नसत. आभाळाकडे नळी करून नुसताच बार काढीत आणि म्हणत, "जरब बसली पाहिजे!" ती बसे शेजारच्या म्हशींना.

साहेबाच्या देशात ही ठासणी आता हौसेपुरती उरली आहे. अमेरिकेत शिकारीच्या हंगामात ठासणीवाल्यांना वेगळे दिवस राखून देतात. हेतू असा की, जुनं हत्यार, एकच बार, जनावरालाही थोडी संधी. पण बाजूच्या घोड्याची ठिणगी सरकारी अर्जासारखी कोपऱ्यावरून वळून आत जाते. ते काही लोकांना सोसेना. १९८५ साली टोनी नाइट नावाच्या गृहस्थानं सगळं नळीमागे एका ओळीत बसवलेली नवी ठासणी बाजारात आणली. आता तिच्यावर दुर्बीणसुद्धा चढवतात. म्हणजे दिवस उपासाचे आणि ताटात साबुदाणेवडे! पंढरपूर शेजारी असल्यामुळे 'एकादशी, दुप्पट खाशी' हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

आमच्याकडची सुधारणा याहून सोपी. मामांचा नातू प्लॅस्टिकच्या पायपात कार्बाइडचा खडा टाकतो, वर पाणी शिंपडतो, लायटर दाबतो की धडाम! ना दारू, ना गज, ना परवाना. बाहेर काय येईल आणि कुठून, याचाही नेम नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच खेळण्यानं कितीतरी पोरांचे डोळे अधू केले. मी ते सांगितलं, तर म्हणतो, "आबा, तुमच्या ठासणीला वेळ किती लागायचा!"

लागायचा खरा. एकदा बांधावरून भाऊबंदांशी जुंपली आणि मामा तांबडेलाल होऊन बंदूक आणायला घरात शिरले. त्या दिवशी मात्र त्यांनी छर्रेही काढले. दारू ओतली, चिंधी कोंबली, ठासलं. टोपी काही सापडेना. माळा झाला, कोनाडे झाले, देव्हारा झाला. तेवढ्यात मामींनी चहा आणला. चहा पिऊन होईस्तोवर मामांचा हात कापायचा थांबला होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरं मिळून बांध मोजायला गेली.

मामी गेल्या तेव्हा घर आवरताना लोणच्याची बरणी मीच उचलली. मागच्या कोनाड्यात टोप्यांची डबी होती.

नव्या पायपाला टोपी लागत नाही. लपवायचं काय, एवढंच मला कळत नाही.