विलंबाचं तर्कशास्त्र : ना. सी. फडके वाचताना

ना. सी. फडक्यांच्या कादंबरीतले तरुण-तरुणी एकमेकांना लवकर भेटतात आणि मनातलं फार उशिरा बोलतात. भेट आणि कबुली यांच्यामध्ये बहुतेक सगळी कादंबरी असते. तिथे गैरसमज होतात, कुणीतरी तिसरं माणूस येतं, एखादी गोष्ट ज्याला कळायला हवी त्याला सोडून इतर सगळ्यांना कळते. वाचकाला तर पहिल्या काही पानांतच ठाऊक असतं की ही दोघं एकमेकांची आहेत. तरी तो पान उलटतो. शेवट माहीत असलेली गोष्ट हावरेपणानं वाचायला लावणं हे सोपं काम नाही, आणि फडक्यांनी ते साठ वर्षं केलं. मराठी समीक्षेनं त्यांच्यावर ‘रंजनवादी’ असा शिक्का मारून विषय संपवला. मला तो शिक्का खोटा वाटत नाही, अपुरा वाटतो. रंजन होतं हे खरं, पण ते कसं होतं हे पाहण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

कारकीर्द थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वश्रुत आहे. जन्म कर्जतचा, ४ ऑगस्ट १८९४. पहिली कादंबरी ‘अल्ला हो अकबर’ १९१७ची. ती मेरी कोरेली या इंग्लंडमधल्या तुफान खपाच्या लेखिकेच्या ‘टेम्पोरल पॉवर’वर बेतलेली होती. लोकप्रियतेचे पहिले धडे फडक्यांनी कुठे गिरवले ते यावरून कळतं. पुढे ‘कुलाब्याची दांडी’ (१९२५), ‘जादूगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९), ‘अटकेपार’ (१९३१) आल्या आणि फडके हे नाव घरोघरी गेलं. कादंबऱ्यांची संख्या सत्तरच्या वर. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, १९६२ साली पद्मभूषण, २२ ऑक्टोबर १९७८ रोजी निधन. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ‘माझं जीवन : एक कादंबरी’. स्वतःच्या आयुष्यालाही प्रकरणं पाडणारा हा माणूस पोटासाठी शिकवत होता तो विषय मात्र तर्कशास्त्राचा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांच्या नोकरीची बरीच वर्षं गेली.

प्रेमकथा आणि तर्कशास्त्र ही जोडी वरवर विजोड दिसते, पण फडक्यांची कादंबरी उलगडून पाहिली की ती चपखल वाटू लागते. त्यांच्या कथानकातला प्रत्येक अडथळा आधीच्या अडथळ्यातून निघतो. नायिका रागावते त्याला कारण असतं; ते कारण चुकीच्या माहितीवर उभं असतं; ती माहिती देणाऱ्याला तसं सांगण्यात स्वार्थ असतो; आणि त्या स्वार्थाचं बीज आपण तीन प्रकरणं मागे, चहाच्या टेबलावरच्या एका साध्या वाक्यात वाचलेलं असतं. आपण ते वाक्य सहज ओलांडून पुढे गेलेलो असतो. विधानांची साखळी बिनचूक, पहिलंच विधान तेवढं खोटं. शेवटी ते खोटं ठरलं की सगळी साखळी एका क्षणात गळून पडते आणि दोघं मोकळी होतात. यात दैव नाही, शाप नाही, कुणाच्या स्वभावातला भीषण दोषही क्वचितच. अडथळा नेहमी दूर होण्याजोगाच असतो. फडक्यांचा वाचक रात्री निर्धास्त झोपतो तो या भरवशावर.

या विलंबाची गोडी १९२५-३०च्या वाचकाला इतकी का लागली? माझ्या मते याचं उत्तर साहित्याच्या बाहेर आहे, आणि बडोद्यात राहणाऱ्याला ते जरा लवकर सापडतं. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधल्या यमूला प्रेम लाभतं ते लग्नानंतर, आणि तेही थोडे दिवस. तिच्या आयुष्यात शाळा आणि सासर यांच्यामध्ये मोकळी जागाच नाही. प्रणय घडायला आधी रिकामी वर्षं लागतात. मुलगी जाणती झाली आहे, शिकते आहे, आणि अजून कुणाची बायको नाही, अशी चार-सहा वर्षं. ही वर्षं मराठी मुलीला कादंबरीकारांनी दिली नाहीत, कायद्यानं आणि शाळेनं दिली. बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांनी बालविवाह प्रतिबंधक कायदा १९०४ साली केला, १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. ब्रिटिश मुलखात शारदा कायदा मंजूर व्हायला १९२९ उजाडलं, म्हणजे ‘दौलत’चं वर्ष. कायदे कागदावर पुष्कळ दिवस नुसतेच राहिले हे मान्य, पण मध्यमवर्गात लग्नाचं वय वर सरकू लागलं होतं. मुलीच्या आयुष्यात नवा मोकळा काळ तयार होत होता आणि त्यात कसं वागायचं हे सांगणारी आजी, आई, मावशी कुणीच नव्हती, कारण त्यांच्यापैकी कुणी तो काळ जगलेलंच नव्हतं. फडक्यांची कादंबरी नेमकी त्या जागेत घडते.

मग ती एकाच वेळी करमणूक आणि शिकवणीही होऊन बसते. परक्या तरुणाशी एकटीनं बोलायची वेळ आली तर नजर कुठे ठेवायची, चहा पुढे करताना काय म्हणायचं, नको असलेलं आमंत्रण न दुखावता कसं परतवायचं, रुसवा किती ताणायचा. फडक्यांच्या नायिका हे सगळं करून दाखवतात. वामन मल्हार जोशींच्या ‘रागिणी’त (१९१५) स्त्री-पुरुष एकत्र बसून तत्त्वचर्चा करत होतेच; फडक्यांनी चर्चेच्या जागी खेळ आणला. टेनिसचं मैदान, मोटारीतली फेरी, गाण्याची बैठक, सहल. दोघांनी एकत्र असण्याला वडीलधाऱ्यांना हरकत घेता येणार नाही असं काहीतरी निमित्त हवं, आणि असं निमित्त शोधण्यात फडक्यांचा हात धरणारा दुसरा मराठी लेखक नाही.

आता त्यांच्या गद्याकडे येतो, कारण खरा रस तिथे आहे. फडक्यांचं प्रकरण कधी चाचपडत सुरू होत नाही. वेळ कुठली, जागा कुठली, माणूस काय करतो आहे, हे पहिल्या काही ओळींत डोळ्यांसमोर उभं राहतं आणि पाठोपाठ एखादी छोटी खटकणारी गोष्ट येते. बहुतेकदा ती एवढीशीच असते की कुणीतरी यायला हवं होतं आणि आलेलं नाही. वाक्य आटोपशीर, क्रियापद जागच्या जागी, कानाला कुठे खडा लागत नाही. संस्कृत विशेषणं आहेत, पण ती बोलीच्या लयीला धक्का लावत नाहीत. नायिकेचं वर्णन करताना ते रंगावर रेंगाळतात. पातळाचा रंग, त्याला जुळणारं किंवा मुद्दाम न जुळणारं पोलकं, केसांतलं फूल. आजच्या वाचकाला हे कापडदुकानातल्या कौतुकासारखं वाटून हसू येईल. मलाही येतं. पण जरा थांबून पाहावं : या वर्णनात नायिकेनं स्वतः काहीतरी निवडलेलं असतं. आज हे नेसायचं, हे फूल माळायचं, हा तिचा निर्णय असतो, आणि तो कुणासाठी घेतला हे तिला स्वतःशी कबूल करायचं नसतं. मनातली गोष्ट तोंडावर येण्याआधी ती कपड्यावर येते. कबुली लांबवायची तर मधल्या काळात मनाची बातमी वाचकाला कुठूनतरी मिळायला हवी. ती फडके अशी पुरवतात.

स्पर्शाच्या बाबतीत ते फार काटकसरी आहेत. त्यांच्यावर अश्लीलतेचे आरोप झाले, आज त्यांचं नवल वाटतं. त्यांच्या प्रणयात डोळ्यांनाच सगळं काम. कोण कुणाकडे पाहतं, कुणी पाहिलेलं तिसऱ्यानं पाहिलं का, पाहून न पाहिल्यासारखं कुणी केलं, यावर पानंच्या पानं चालतात आणि कंटाळा येत नाही. माझ्या मते मराठी गद्यात नजरेला इतकं काम त्यांच्याआधी कुणी दिलं नव्हतं.

उणीवही इथेच आहे आणि ती लहान नाही. विलंबाच्या या कलेला एक गोष्ट गृहीत धरावी लागते : माणसांकडे भरपूर वेळ आहे. पैसा, तब्येत, जात, नोकरी यांपैकी कशानंच घाई केलेली नाही. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ साली आली. तिच्यातही तरुण आहे, तरुणी आहे, बोटीचा प्रवास आहे. फडक्यांना हवं ते सगळं साहित्य तिथे मांडून ठेवलेलं आहे. पण हॅर्टा ज्यू आहे, जर्मनीतून हाकललेली आहे, आणि मुंबई आली की चक्रधर उतरणार आहे. तिच्याकडे रुसायला वेळच नाही. ‘रणांगण’ वाचून लगेच फडके हातात घेतले तर त्यांचं जग काचेच्या कपाटातलं वाटतं. फडक्यांनी पुढे चळवळी आणल्या, बेचाळीसचं आंदोलन आणलं, काश्मीर आणलं, पण ते सारं मागच्या पडद्यावर. पडद्यासमोर दोघं जण तशीच, एकमेकांना न सांगण्यात गुंतलेली.

या काचेच्या कपाटाचा एक फायदा मात्र महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला झाला. फडक्यांचं गाव कुठलं, हे त्यांच्या कादंबरीतून नीटसं सांगता येत नाही. कॉलेज आहे, बाग आहे, बंगला आहे, क्लब आहे; नदी-डोंगर, शेतं, बोलीचे हेल फारसे नाहीत. पुण्याच्या वाचकाला ते पुणं वाटे. बडोद्याच्या वाचकाला बडोदा वाटायलाही काही अडचण नव्हती, कारण घुमटाचं कॉलेज, सयाजीबाग आणि क्रिकेटचं वेड इथेही होतंच. शिवाय वाचनाची सोय होती. महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० साली बोलावून संस्थानभर ग्रंथालयं उभारली, खेड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या. आम्ही राहतो ते हरणी तेव्हा शहराबाहेरचं गाव होतं. आता विमानतळाच्या आजूबाजूला सोसायट्या झाल्या आणि दांडिया बाजारातली कितीतरी मराठी कुटुंबं इकडे राहायला आली. शनिवारी भीडभंजन मारुतीच्या रांगेत पुढे-मागे मराठी ऐकू येतं. आमच्या शेजारच्या काकू घराबाहेर गुजराती बोलतात, नातवंडांशी हिंदी. त्यांना मी एकदा विचारलं, तुम्ही फडके का वाचायच्या? म्हणाल्या, “अरे, त्यातली माणसं भांडतानासुद्धा शुद्ध बोलायची.” समीक्षकानं नाक मुरडावं असं हे उत्तर आहे. पण जिथे मराठी शाळेतून, बाजारातून, कचेरीतून एकेक करून निघून गेली, तिथे घडीव, स्वच्छ, आत्मविश्वासानं बोलणारी मराठी महिन्याला एका पुस्तकातून घरात येणं याचं मोल वेगळं असतं.

फडक्यांनी आपली कृती लपवून ठेवली नाही. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या पुस्तकात कथा-कादंबरी कशी रचायची हे त्यांनी रीतसर मांडलं. त्यातल्या मांडणीवर क्लेटन हॅमिल्टन या अमेरिकन लेखकाची दाट छाया आहे हे टीकाकारांनी दाखवलं, आणि अत्र्यांसारख्यांनी फडक्यांची यथेच्छ टर उडवली. कलेसाठी कला की जीवनासाठी, या वादात समोर खांडेकर होते. दोघेही एकाच कोल्हापुरात. नेमाड्यांनी पुढे मराठी कादंबरीच्या तीन वाटा सांगितल्या, त्यांतली ‘मुक्तामाला’ची, म्हणजे वास्तव टाळून रमवणारी वाट फडक्यांच्या वाट्याला येते. हळबेशास्त्र्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची. वाट तीच असेल. पण हळब्यांच्या अद्भुत योगायोगांपासून फडक्यांच्या कारणपरंपरेपर्यंत यायला मराठी गद्याला सत्तर वर्षं लागली, एवढं तरी मान्य करायला हवं.

एक कोडं उरतं. १९२७ साली याच फडक्यांनी भारतातल्या लैंगिक प्रश्नावर, सुप्रजननाच्या नि संततिनियमनाच्या बाजूनं इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्याला प्रस्तावना मार्गारेट सँगर यांची. लग्नानंतर देहाचं, मुलांचं, संसाराचं काय होतं याचा विचार त्यांच्या पिढीतल्या फारच थोड्या मराठी लेखकांनी इतक्या उघडपणे केला होता. बडोदा संस्थानानं तर १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदाही केला. विषय हवेत होता, माहिती लेखकाच्या टेबलावर होती, आणि तरी कादंबरीकार फडके बहुधा लग्नाशी येऊन थांबत राहिले. त्यांना कळत नव्हतं असं म्हणता येत नाही. त्यांना माहीत होतं की मनातलं बोलून झालं की त्यांची कला संपते; पुढचं लिहायला दुसरा लेखक लागतो. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’नं १९३३ साली एक वेगळा आवाज ऐकवला. अविवाहित, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींची तीच मोकळी वर्षं आतून कशी होती ते तिथे कळलं, आणि ती फडक्यांच्या पुस्तकांइतकी सुखाची नव्हती.

म्हणून माझा सल्ला असा. फडके वाचायचे तर १९२८ ते १९३५ या काळातले वाचा; ‘जादूगार’ आणि ‘दौलत’पासून सुरुवात करा, सोबत ‘गुजगोष्टी’तले लघुनिबंध ठेवा, शेजारी ‘कळ्यांचे निःश्वास’ असू द्या. उत्तरार्धातल्या कादंबऱ्या वगळल्या तरी फार काही बिघडत नाही, तिथे यंत्र तेच आहे आणि वंगण संपलेलं आहे. आणि एका बैठकीत संपवू नका. प्रकरण संपलं की पुस्तक मिटा आणि पुढचं उद्या वाचा. या कादंबऱ्या तशाच वाचल्या जाव्यात म्हणून लिहिल्या आहेत.