७४ सैनिक आणि दहा टक्क्यांचा फरक

लढाईवर पाठवण्याआधी सैनिकांची मानसिक तपासणी केली तर फायदा होतो का? यावर वॉर्नर आणि सहकाऱ्यांचा २०११ चा पेपर नेहमी पुढे केला जातो. इराकला निघालेल्या तीन अमेरिकन ब्रिगेडमधले १०,६७८ सैनिक तपासले. दुसऱ्या तीन ब्रिगेड तशाच गेल्या. सहा महिन्यांत मानसिक आजारासाठी डॉक्टरकडे आलेले, तपासलेल्यांत २.९ टक्के आणि इतरांत १३.२ टक्के.

आकडा बघून लगेच खूश होऊ नका, आधी हिशोब करा. ८१९ जणांची पुढची तपासणी झाली. त्यातले ७४ मागे ठेवले, ९६ अटींसह पाठवले. मिळून १७०, म्हणजे जेमतेम १.६ टक्के. मग दहा टक्क्यांचा फरक आला कुठून? कदाचित तिकडेही उपचार नीट चालू ठेवले, त्यामुळे. कदाचित ब्रिगेडच मुळात वेगळ्या होत्या. चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली नव्हती, त्यामुळे हे दोन्ही सुटे करता येत नाहीत. शिवाय मोजल्या त्या डॉक्टरकडच्या भेटी; भेटी कमी म्हणजे आजार कमीच, असं नाही.

चिठ्ठ्या टाकल्या त्या रोना यांच्या गटाने (लॅन्सेट, २०१७). अफगाणिस्तानातून परतलेले १०,१९० ब्रिटिश सैनिक, संगणकावर प्रश्न आणि उत्तरांनुसार सल्ला. १० ते २४ महिन्यांनी पाहिलं तर ना आजारात फरक, ना मदत घेण्यात. पण म्हणून 'तपासणी निरुपयोगी' असंही लिहू नका. इथे तपासणीनंतर हाती आला तो फक्त सल्ला. वॉर्नरकडे पाठपुरावा करणारी माणसं होती.

आणि उत्तरं तरी खरी असतात का? वॉर्नर यांच्याच २०११ च्या दुसऱ्या अभ्यासात, नाव न लिहिता विचारल्यावर तक्रारी दोन ते चार पट वाढल्या. आपल्या सैन्यात 'शेप' या वैद्यकीय श्रेणीतला 'एस' म्हणजे मानसिक स्थिती. श्रेणी उतरली की बढती अडू शकते. आमच्या कवठे येमाईसारख्या गावातून भरती झालेल्या पोराच्या पगारावर अख्खं घर चालतं; 'झोप लागते का?' याला तो 'हो'च म्हणणार. खोटेपणा नाही तो, हिशोब आहे.

म्हणून या विषयावर प्रपोजल लिहिणार असाल, तर प्रश्नावली निवडण्याआधी दोन ओळी लिहा: उत्तर कोण वाचणार, आणि 'नाही' म्हणणाऱ्याचं दुसऱ्या दिवशी काय होणार.