'जगभरातली' २१२ ठिकाणं, आणि त्यात आपण कुठे?

मंडईत तीन जणांना मेथीचा भाव विचारून बघा. तिघंही जुडीचाच भाव सांगतील, पण एकाची जुडी मुठीत मावेल आणि दुसऱ्याची दोन्ही हातांत मावणार नाही. आपण जुडी हातात घेतो, अंदाज करतो, काम भागतं. संशोधन केंद्रांच्या जाळ्यात मात्र असा अंदाज चालत नाही. तिथे सगळ्यांची जुडी एकच असावी लागते.

ती एक करायचा मोठा प्रयत्न म्हणजे 'फ्लक्सनेट २०१५' हा डेटासेट. त्याचा सविस्तर पेपर २०२० मध्ये आला. परिसंस्थांवर काम करणार असाल तर तो तुमच्यासमोर येणारच, म्हणून आज त्याबद्दल.

आधी मोजतात काय ते बघू. जंगलाच्या शेंड्यांच्या वर जाईल असा मनोरा उभारतात. त्यावरची उपकरणं सेकंदाला दहा-वीस वेळा वाऱ्याचा वेग आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड टिपतात. त्यावरून दर अर्ध्या तासाला जंगलाने कार्बन घेतला की सोडला, हे काढतात. पाऊस आला की अनेक सेन्सर बिघडलेले आकडे देतात. रात्री हवा स्थिर झाली की मोजमाप कमी भरतं. असे आकडे गाळले की नोंदीत खड्डे पडतात आणि ते गणिताने बुजवावे लागतात. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने बुजवले की झाली मंडईची जुडी.

या पेपरचं बळ इथेच आहे. २१२ ठिकाणं, १,५०० हून जास्त स्थळ-वर्षं, आणि सगळ्यांवर एकच प्रक्रिया. मोजलेला आकडा कुठला आणि भरलेला कुठला, याची खूण प्रत्येक नोंदीला आहे. मनोरे सांभाळणाऱ्यांना लेखक म्हणून घेतलंय, त्यामुळे लेखकांची यादी दोनशेच्या वर गेली. हसू नका, सहकार्य टिकतं ते अशा श्रेयामुळेच.

आता खोट. ठिकाणांची यादी उघडा आणि भारत शोधा. एकही ठिकाण नाही. तरी सारांशात ही ठिकाणं 'जगभरातली' आहेत. अशा नोंदींवर शिकवलेली मॉडेल्स पुढे जगाचे नकाशे काढतात, आणि त्यात भारताच्या जागी आकडा दिसतोच. तो उपग्रह आणि हवामानाच्या माहितीवरून काढलेला असतो, पण जंगल कसं वागतं हे मॉडेल शिकलेलं असतं दुसऱ्याच देशांत.

याने बिघडतं काय? काझीरंग्याचं उदाहरण घ्या. तिथे पुण्याच्या आयआयटीएमने तेजपूर विद्यापीठासोबत मोजमाप केलं. आपल्याला वाटतं, पावसाळ्यात जंगल सगळ्यात जास्त कार्बन घेत असेल. तिथे दिसलं ते वेगळंच: मान्सूनपूर्व महिन्यांत शोषण जास्त, आणि मान्सूनमध्ये ढगांमुळे ऊन कमी पडून ते घटतं. आता मध्य प्रदेशातल्या बैतूलचं सागाचं जंगल डोळ्यांसमोर आणा. मान्सूनपूर्व उन्हाळ्यात तिथे झाडांवर पानंच नसतात! एकाच देशातली दोन जंगलं, दोन वेगळी वेळापत्रकं. बाहेरच्या नोंदींवर शिकलेल्या मॉडेलला ही दोन्ही जमली का, हे तपासायला इथलेच आकडे लागतात.

म्हणजे मनोरे आहेत. आयआयटीएमचा 'मेटफ्लक्स इंडिया' प्रकल्प पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली आहे, तर बैतूलचं काम इस्रोच्या एनआरएससीचं, म्हणजे अंतराळ विभागाखालचं. त्यामुळे सगळा दोष पेपरवाल्यांवर ढकलता येत नाही. या जाळ्यात डेटा स्वेच्छेनेच द्यायचा असतो. पावसापाण्यात मनोरा राखणाऱ्याला वाटतं, मी मरमर करायची आणि पेपर दुसऱ्याने छापायचा? ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय श्रेयाचा आहे, फाइल कपाटात ठेवण्याचा नाही.

मंडईची इमारत १८८६ साली 'रे मार्केट' म्हणून उघडली. महात्मा फुल्यांचा त्या खर्चाला विरोध होता, पैसा शिक्षणावर लावा असं त्यांचं म्हणणं. पुढे तिला त्यांचंच नाव लागलं. मनोऱ्यांबाबतही मला तोच प्रश्न पडतो. उपकरणावर खर्च करणं सोपं असतं. नोंदी नीट ठेवणाऱ्या माणसांवर आणि सामाईक पद्धतीवर तो करायला आपण तयार आहोत का?

तुम्ही काय करायचं? कुठलाही 'जागतिक' डेटासेट घेतलात की निष्कर्षाआधी ठिकाणांची यादी वाचा. भारताबद्दल वाक्य लिहिताना आकडा मोजलेला की मॉडेलचा, ते त्याच वाक्यात सांगा. आणि स्वतः फील्डवर गेलात तर सेन्सरची उंची, कॅलिब्रेशनची तारीख आणि एककं पहिल्याच दिवशी वहीत लिहा. पाच वर्षांनी तुमची जुडी दुसऱ्याच्या जुडीशी ताडून बघायची वेळ आली, तर तीच वही लागेल.