पिस्टनभोवतीची फट

अंतर्ज्वलन इंजिन शिकवताना फळ्यावर जे चित्र काढले जाते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. एक चौकोन म्हणजे सिलिंडर, त्यात घट्ट बसलेला दुसरा चौकोन म्हणजे पिस्टन, वर दोन झडपा आणि शेजारी चार फटक्यांची नावे. हे चित्र चुकीचे आहे असे आमचे म्हणणे नाही. पण इंजिन चालते ते ज्याच्या जोरावर, नेमके तेच त्यातून गळते, ही आमची तक्रार आहे.

चित्रात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये फक्त एक रेघ असते. प्रत्यक्षात तेथे फट असते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. शिवाय पिस्टनचा माथा थेट ज्वालेला सामोरा असतो. 80 मिलिमीटर व्यासाचा पिस्टन 200 अंश सेल्सियसने तापला, तर त्याचा व्यास सुमारे 0.37 मिलिमीटरने वाढतो. म्हणून थंड असताना पिस्टन माथ्याकडे निमुळता आणि किंचित लंबगोल ठेवतात. चित्रातला सरळसोट पिस्टन खऱ्या इंजिनात घट्ट बसवला, तर तापताच तो अडकून बसेल.

गुळगुळीत पृष्ठभागावर घर्षण कमी, असेही आपण शिकवतो. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मात्र होनिंग करून एकमेकांना छेदणारे बारीक चरे मुद्दाम पाडतात, कारण त्यांत तेल टिकते. मोटारीच्या किंवा मच्छीमारी होडीच्या डिझेल इंजिनातील इंधनपंप पाहा. त्यातील दांडा आणि त्याची नळी यांच्यामधली फट अवघी दोन-चार मायक्रॉन असते. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा. या फटीत डिझेल हेच वंगण असते. म्हणूनच डिझेलमध्ये पाणी शिरले की पंप खराब होतो.

जेम्स वॅटला वेगळ्या कंडेन्सरची कल्पना 1765 मध्ये सुचली व 1769 मध्ये पेटंट मिळाले. पण वाफ न गळणारा मोठा सिलिंडर कोणाला बनवता येईना. जॉन विल्किन्सनने 1774 मध्ये तोफांच्या नळ्या कोरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे त्याने वॅटचे सिलिंडर अचूक कोरून दिले, तेव्हा कुठे 1776 मध्ये ती इंजिने कामाला लागली. आपल्या मुलांना वॅट माहीत असतो, विल्किन्सन नसतो.

यात नुकसान विल्किन्सनचे नाही, मुलांचे आहे. कल्पना म्हणजे विज्ञान आणि घडवणे म्हणजे हलके काम, हा समज अशा चित्रांतूनच पक्का होतो. मापनाचा धडा एकीकडे, इंजिनाचा दुसरीकडे. दोघांची गाठ पडत नाही.

ती घालून देणे अवघड नाही. गॅरेजमधून मोटारसायकलचा टाकाऊ पिस्टन त्याच्या पिनेसह मागून आणावा. पिस्टनचा व्यास माथ्याशी व खालच्या कडेजवळ व्हर्नियरने मोजला, तर फरक मुलांना स्वतःलाच सापडेल. मग पिन स्क्रूगेजने चार-पाच ठिकाणी मोजायला सांगावे. ती झिजलेली नसेल तर 0.01 मिलिमीटर लघुतमाप असूनही फरक बहुधा दिसणार नाही. कारखान्यातली अचूकता आपल्या उपकरणाच्या पलीकडे गेली आहे, हे त्या वेळी मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.