टॅरोच्या पानांची पारख

टॅरो या नांवाचे पत्त्यांचे संच अलीकडे आपल्याकडील शहरांतूनही विकत मिळतात, व जुन्या वस्तूंचा नाद असणारे कित्येक गृहस्थ त्यांतील एखादा संच आपल्या पोथ्यांच्या व नाण्यांच्या शेजारीं ठेवण्याच्या विचारांत असतात. निवड करतांना त्यांच्यापुढें दोन प्रश्न असतात: चित्रें कशीं आहेत, आणि पत्ता टिकाऊ आहे कीं नाहीं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांचा विचार बहुधा अलग अलग केला जातो, व तेथेंच चूक होते, असें आमचें मत आहे. चित्र ज्या द्रव्यावर व ज्या कृतीनें उमटलें, त्यापासून तें वेगळें काढतां येत नाहीं. मराठींत पोथीच्या पत्राला पान म्हणतात व खेळण्याच्या पत्त्यालाही पानच म्हणतात. पोथीच्या पानाला आपण जे प्रश्न विचारतों, तेच या पानालाही विचारले पाहिजेत. हें पान मूळचें कीं मागाहून घातलेलें? हात एकाचा कीं दोघांचा? गहाळ पानें किती, आणि तीं गहाळ आहेत असें सांगितलें आहे काय?

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. पूर्ण संचांत ७८ पानें असतात. त्यांपैकीं ५६ पानें चषक, मोहरा, तलवारी व दंड अशा चार रंगांचीं; दर रंगांत एकपासून दहापर्यंत अंकांचीं दहा, व राजा, राणी, स्वार आणि सेवक अशीं चार, मिळून चौदा. उरलेल्या २२ पानांत २१ कायमच्या हुकमाचीं व एक मूर्खाचें. हे पत्ते पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांत उत्तर इटलींत निघाले. फेरारा येथील दरबारच्या हिशेबांत इ. स. १४४२ मध्यें त्यांचा उल्लेख सांपडतो. ते खेळण्यासाठीं केलेले होते. पुढें इ. स. १७८१ मध्यें कूर द जेबलें या फ्रेंच ग्रंथकारानें, हीं पानें म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा ज्ञानग्रंथ होय, असें प्रतिपादन केलें. त्या वेळीं इजिप्तची चित्रलिपि कोणासही वाचतां येत नव्हती. शांपोल्यों यानें ती उलगडण्याची किल्ली इ. स. १८२२ मध्यें जाहीर केली, व त्या लिपींतील लेखांतून टॅरोला कसलाही आधार निघाला नाहीं. या सर्व मताचें खंडन मायकेल डमेट यांनीं इ. स. १९८० मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत साधार केलें आहे. भविष्यकथनाच्या खरेखोटेपणाचा विचार येथें कर्तव्य नाहीं. पेटीवर इजिप्तचें नांव छापलेलें असल्यास तो पुरावा नसून जाहिरात आहे, एवढें संग्राहकानें ध्यानांत ठेवावें म्हणजे पुरे.

चित्रकलेच्या दृष्टीनें पहिला मान मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठीं पंधराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास झालेल्या संचाला दिला पाहिजे. त्याचीं ७४ पानें आज उरलीं आहेत: ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयांत, २६ बेर्गामोच्या आकादेमिया कारारा या संग्रहालयांत व १३ कोल्लेओनी घराण्याकडील. पान सुमारें १७३ मिलिमीटर उंच व ८७ मिलिमीटर रुंद आहे. हुकमाच्या व दरबारी पानांवर सोन्याचा वर्ख बसवून त्यावर दाबून नक्षी उठविली आहे. हीं चित्रें बोनिफाचो बेंबो याचीं मानण्याचा प्रघात आहे. तथापि बल, संयम, तारा, चंद्र, सूर्य व जग हीं सहा पानें शैलीवरून दुसऱ्या हाताचीं ठरविलीं गेलीं आहेत. एका पोथींत दोन लिपिकार असावेत तसाच हा प्रकार होय.

या संचाच्या छापील नकला विकत मिळतात, व त्यांत ७८ पानें भरलेलीं असतात. सैतान, मनोरा, तलवारींचें त्रिक व मोहरांचा स्वार हीं चार पानें मुळांत नाहींत. तीं नव्या चित्रकारांकडून काढून घेतलेलीं असून प्रकाशकापरत्वें निरनिराळीं आहेत. मनोऱ्याला निदान त्या काळचा एक नमुना पॅरिसच्या संग्रहांत आहे. परंतु पंधराव्या शतकांतील हातानें रंगविलेल्या उपलब्ध संचांत सैतानाचें एकही पान नाहीं. तेव्हां नकलेंतील सैतान ही सर्वस्वीं कल्पना होय. पूर्ण संच विकावयाचा तर अशी भर घालणें भाग पडतें, हें आम्हांस मान्य आहे. दोष भर घालण्याचा नसून ती न सांगण्याचा आहे. ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करतांना एकनाथांनीं शके १५०६ मध्यें तींत पदरची ओवी घालणारास जो इशारा दिला, तो या प्रकाशकांनाही लागू पडतो. ज्या नकलेंत नव्या पानांवर खूण आहे, किंवा सोबतच्या पुस्तिकेंत त्यांचीं नांवें स्पष्ट दिलीं आहेत, तीच घ्यावी.

या नकलांविषयीं आमचा दुसरा आक्षेप द्रव्याचा आहे. वर्ख हा रंग नव्हे. पान हातांत फिरवितांना तो कोठें उजळतो, कोठें काळवंडतो, व त्यामुळें नक्षी दिसते आणि लोपते. चार शाईंच्या छपाईंत त्याचा पिवळट तपकिरी डाग होतो व दाबून उठविलेली नक्षी सपाट होते. कांहीं प्रकाशक त्यावर चकाकणारी सोनेरी पट्टी दाबतात. ती डोळ्यांस भरते खरी, पण तिची चकाकी सर्वत्र सारखी, म्हणून निर्जीव वाटते. आमच्या मतें असा संच अभ्यासास उपयुक्त आहे, परंतु मूळ चित्राच्या सौंदर्याचा अनुभव म्हणून त्याची शिफारस करतां येत नाहीं.

वर पॅरिसचा उल्लेख आला. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांतील त्या १७ पानांची हकीकत कागदपत्रांवर भिस्त ठेवणाऱ्या आम्हां सर्वांस बोधप्रद आहे. सहावा चार्ल्स राजा याच्या इ. स. १३९२ च्या हिशेबांत जाक्मां ग्रेंगोनर नांवाच्या चित्रकारास पत्त्यांच्या तीन संचांबद्दल पैसे दिल्याची नोंद आहे. नोंद अस्सल, पानेंही अस्सल. म्हणून दोहोंचा संबंध जोडण्यांत आला, व हीं पानें दीर्घकाळ चार्ल्सचा टॅरो या नांवानें ओळखलीं गेलीं. आतां तीं पंधराव्या शतकांतील इटलीचीं ठरलीं आहेत. अस्सल कागद व अस्सल वस्तु एकत्र ठेवल्यानें त्यांचा संबंधही अस्सल होत नाहीं.

आतां छापील पानांकडे वळूं. फ्रान्समध्यें मार्सेयचा टॅरो म्हणून जी परंपरा प्रसिद्ध आहे, तींत पॅरिसच्या झां नोब्ले याचा सुमारें इ. स. १६५० चा संच व मार्सेयच्या निकोला कॉन्वेर याचा इ. स. १७६० चा संच हे विशेष नांवाजलेले आहेत. लांकडी ठशानें काळी रेघ छापावयाची व कापलेल्या साच्यांतून मोजके रंग भरावयाचे, अशी ही कृति. रंग रेघेबाहेर सरकतो, चेहरे ठोकळ असतात, अंकांच्या पानांवर प्रसंगचित्र नसतें. व्हिस्कोंतींच्या पानांपुढें हीं पानें गांवठी दिसतात. असें असूनही नक्कल घेण्यास हींच पानें अधिक योग्य, असें आमचें मत आहे. कारण हें चित्र जन्मतःच छापील आहे. जाड रेघ व सपाट रंग पुन्हां छापले असतां त्यांचें फारसें कांहीं हरवत नाहीं. मात्र येथेंही एक सावधगिरी हवी. ठशाचें साल तें छपाईचें साल नव्हे; एकाच ठशावरून पुढें वर्षानुवर्षें पानें निघत असत. तसेंच पोल मार्तो यानें ग्रिमो या पेढीकरितां इ. स. १९३० मध्यें काढलेल्या प्रसिद्ध संचाचे रंग इ. स. १७६० च्या जुन्या साच्याच्या रंगांशीं जुळत नाहींत. त्याला कॉन्वेरची प्रत न म्हणतां त्या परंपरेची विसाव्या शतकांतील आवृत्ति म्हणावें, म्हणजे कोणावरही अन्याय होणार नाहीं.

तिसरा संच लंडन येथें इ. स. १९०९ मध्यें निघाला. त्याला प्रकाशक रायडर व योजक वेट यांच्या नांवांनीं ओळखण्याची रूढि पडली, ७८ चित्रें जिच्या हातचीं, त्या पामेला कोलमन स्मिथ (इ. स. १८७८–१९५१) हिचें नांव मात्र मागें राहिलें, जरी तिची आद्याक्षरांची खूण पानोपानीं आहे. अंकांच्या पानांवरही माणसांचे प्रसंग रेखाटणें हा या संचाचा विशेष. परंतु तोही निराधार नाहीं. सुमारें इ. स. १४९१ च्या सोला-बुस्का नामक ताम्रपटावरून छापलेल्या संचांत अशीं चित्रें आहेत, व त्याचीं छायाचित्रें इ. स. १९०७ मध्यें ब्रिटिश म्यूझियमला मिळालीं होतीं. तिच्या तलवारींच्या त्रिकांत तीन तलवारींनीं विंधलेलें हृदय आहे. सोला-बुस्काच्या त्याच पानांतही तसेंच आहे. स्मिथबाईंचीं मूळ चित्रें आज उपलब्ध नाहींत; म्हणून आरंभींच्या छापील प्रती हेंच मुख्य साधन. पुढील आवृत्त्यांत रेघ जाड झाली, रंग भडक झाले. हा संच घेणारानें आरंभींच्या प्रतीवरून केलेली नक्कल पाहून घ्यावी व तिच्या खोक्यावर स्मिथबाईंचें नांव आहे कीं नाहीं तेंही पाहावें.

पत्त्याच्या गुणाविषयीं थोडें. जुने पत्ते कागदाचे अनेक थर खळीनें चिकटवून केलेले असत. इटलींत पाठीचा कागद कडेवरून पुढें दुमडून चिकटविण्याची चाल होती, त्यामुळें कडा फुटत नसे. आजच्या चांगल्या पत्त्यांत दोन थरांमध्यें काळसर लेप असतो. पान दिव्यासमोर धरावें. पलीकडचें चित्र झिरपून दिसलें तर पत्ता हलका समजावा. हळूच वांकवून सोडावें. तें सरळ झालें पाहिजे. भिंगाखालीं पाहावें, रेघ सलग दिसली तर ती रेघ म्हणून छापलेली, ठिपक्यांची दिसली तर छायाचित्रावरून. तकतकीत पातळ पापुद्रा ओढलेला पत्ता मळत नाहीं, परंतु दिव्याची तिरीप चित्रावर पडून चित्र झांकलें जातें, व कालांतरानें पापुद्रा कडेला सुटतो. खरखरीत अथवा मंद रोगण असलेला पत्ता आम्ही अधिक पसंत करतों.

ही सर्व चिकित्सा परक्या वस्तूची असली तरी तिचा धडा घरचा आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा रंगांचीं मिळून १२० वाटोळीं पानें असतात. हातानें रंगवून त्यांवर लाखेचें रोगण दिलेलें असतें. पांच अवतारांच्या रंगांत मोठा अंक श्रेष्ठ व पांचांत लहान अंक श्रेष्ठ, असा नियम आहे. जुन्या टॅरो-खेळांतही चषक व मोहरा या रंगांत लहान अंक मोठ्यास मारतो. असें साम्य केवळ चित्रें पाहून कधींच कळलें नसतें. तें पूर्ण संच हातांत असल्यावर व तो खेळावयाचा आहे हें लक्षांत ठेवल्यावरच कळतें. मत्स्याचा किंवा कूर्माचा राजा तेवढा काढून चौकटींत बसविला, कीं एक सुंदर चित्र मिळतें व एक साधन नष्ट होतें. मिलानचा संच तीन ठिकाणीं विखुरला. तरी प्रत्येक पानाचा ठिकाणा नोंदलेला आहे, म्हणून चार पानें गहाळ आहेत हें तरी आज सांगतां येतें. आपल्या गंजिफांचा हिशेब असा कोणी ठेविला आहे काय?

आमचा निर्णय थोडक्यांत असा. एकच संच घ्यावयाचा तर कॉन्वेरच्या जुन्या प्रतीवरून केलेली, मंद रोगणाची नक्कल घ्यावी. व्हिस्कोंतींचा घ्यावयाचा तर चार नव्या पानांवर खूण असलेला. स्मिथबाईंचा घ्यावयाचा तर आरंभींच्या प्रतीवरून केलेला. आणि कोणताही घेतला तरी खोक्यांत एक चिठी ठेवावी: संच कोठून व कोणत्या सालीं घेतला, पानें किती, नवीं कोणतीं, गहाळ कोणतीं. घरीं जुन्या गंजिफा असतील तर तशी चिठी त्यांत आधीं ठेवावी.